फिजीत नऊ रात्री: आधी बोटी मोजा, मग बेटे

प्रश्न नाशिकच्या एका गृहस्थांचा आहे. ते स्वतः, पत्नी, ७६ वर्षांच्या आई आणि मेलबर्नला नोकरी करणारी लेक, असे चौघे जाणार. हातात नऊ रात्री आहेत, वेळ डिसेंबरअखेरची. यादीत मामानुदा बेटे, यासावा बेटे, राजधानी सुवा, तावेउनी आणि 'एवढे लांब जातोच आहोत तर' बोरा बोरा. आई पूर्ण शाकाहारी आहेत, गुडघे दुखतात. लेक स्कूबा शिकलेली आहे, तिला मांटा रे मासे पाहायचे आहेत. हे सगळे नऊ रात्रींत कसे बसवायचे, असे त्यांनी विचारले आहे.

मी सतरा वर्षे ठाण्यात बसून पॅसिफिकच्या सहली आखते आहे. त्यांतल्या निम्म्याहून जास्त फिजीच्या. म्हणून आधी स्पष्टच सांगते: हे सगळे बसत नाही, आणि ओढूनताणून बसवले तर तुमच्या नऊ दिवसांतले पाच धक्क्यावर, बोटीत आणि विमानतळावर जातील. मी सुरुवातीला लोकांना अशाच सहली आखून देत होते. सात रात्रींत तीन बेटे. माणसे परत आली की फोटो सुंदर असायचे आणि चेहरे दमलेले. एका काकूंनी मला शांतपणे सांगितले, "समुद्र पाहिला गं, पण पाय बुडवून बसायला वेळच झाला नाही." तेव्हापासून मी यादीवरून सहल आखणे सोडले. आता आधी विमानाचे वार, मग बोटीच्या वेळा, मग वारा, आणि सगळ्यात शेवटी हॉटेल.

बोरा बोरा आधी काढून टाका. नकाशात ती बेटे फिजीच्या शेजारी दिसतात, कारण पॅसिफिकच्या नकाशात सगळेच शेजारी दिसते. प्रत्यक्षात फिजीचे मुख्य विमानतळ असलेल्या नांदी गावाहून ताहिती, म्हणजे बोरा बोराला जाताना आधी गाठायचे बेट, तीन हजार किलोमीटरहून लांब, म्हणजे मुंबईहून बँकॉकला जावे तेवढे. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा येते, त्यामुळे तुम्ही आज निघून काल पोहोचता आणि हॉटेलच्या तारखा हमखास चुकतात. जायचे ते बहुतेक वेळा न्यूझीलंडवरून वळसा घालून, आणि भारतीय पासपोर्टला तिथून जातानाही आधी परवानगी काढावी लागते. शिवाय बोरा बोरा ज्यात येते त्या फ्रेंच पॉलिनेशियासाठी फ्रान्सचा वेगळा व्हिसा लागतो. युरोपचा साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. बोरा बोरासाठी कधीतरी वेगळे पैसे आणि वेगळे बारा दिवस ठेवा.

फिजीचे तसे नाही. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. पोहोचल्यावर चार महिन्यांपर्यंतचा प्रवेश मिळतो. परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता, पुरेसे पैसे आणि सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट एवढे लागते. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी फिजीच्या इमिग्रेशन विभागाच्या पानावर एकदा खात्री करून घ्या.

अडचण असते ती वाटेत. लेक मेलबर्नला आहे म्हणून बहुतेक आईवडील ऑस्ट्रेलियावरून तिकीट काढतात, आणि तिथे नुसते विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो हे विमानतळावर कळते. तुम्हाला लेकीकडे राहायचेच असेल तर ऑस्ट्रेलियाचा पर्यटक व्हिसा काढा, आणि त्यावर एकाहून जास्त प्रवेश आहेत ना ते पाहा. परतीच्या वाटेवर पुन्हा तिथेच उतरायचे असते. राहायचे नसेल तर सिंगापूरवरून जा. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास, तिथून नांदी सुमारे दहा तास. एकाच तिकिटावर असाल, सामान थेट नांदीपर्यंत लावले असेल आणि विमानतळाबाहेर पडायचे नसेल, तर सिंगापूरला व्हिसा लागत नाही. मात्र सिंगापूर ते नांदी विमान रोज नसते. त्यामुळे तुमची तारीख तुम्ही ठरवायची नाही. ती त्या विमानाचा वार ठरवेल. लेक मेलबर्नहून थेट येईल. सगळे नांदीत भेटा.

हो, गाव नांदी. इंग्रजीत लिहिताना त्यात 'द'आधीचा 'न' दिसत नाही, म्हणून आपली माणसे 'नदी' म्हणतात. फिजीच्या भाषेत लिहिलेल्या 'द'चा उच्चार 'न्द' होतो, 'ब'चा 'म्ब', आणि 'क्यू' अक्षराचा 'ङ्ग'. त्यामुळे पाटीवर 'बेका' वाटते ते बेट 'म्बेंगा' आहे. इंग्रजी 'सी' हे अक्षर 'द'च्या जवळचे. म्हणून मामानुका नव्हे, मामानुदा. हे लक्षात ठेवलेत तर टॅक्सीवाल्याशी बोलताना गोंधळ होणार नाही. आणि नाटकाआधी नांदी असते तसे या देशात प्रत्येकाचे पहिले पाऊल नांदीतच पडते, हे मराठी माणसाला सहज आठवणीत राहते.

आता डिसेंबर. फिजीत नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण, पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. मे ते ऑक्टोबर कोरडा आणि सुखद. २० फेब्रुवारी २०१६ रोजी विन्स्टन नावाचे पाचव्या श्रेणीचे वादळ फिजीवर आदळले, त्यात ४४ माणसे गेली. यासा हे तशाच ताकदीचे वादळ आले ते डिसेंबर २०२० मध्ये. प्रत्येक डिसेंबरात वादळ येते असे मुळीच नाही. कित्येक माणसे नाताळात जाऊन ऊन खाऊन येतात. पण वादळाची नुसती शक्यता असली तरी बोटी दोन-तीन दिवस थांबतात, आणि नऊ रात्रींच्या सहलीतून तीन गेल्या की काय उरते? त्यात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शाळांची मोठी सुट्टी त्याच वेळी असते, म्हणजे दरही सर्वांत चढे. पावसाळी हवेला सर्वांत जास्त पैसे मोजायचे हा व्यवहार मला पटत नाही.

तुम्ही मे महिन्यात जा. आपल्याकडची उन्हाळी सुट्टी आणि तिकडच्या कोरड्या हंगामाची सुरुवात बरोबर जुळते, हे मराठी कुटुंबांच्या नशिबी आलेले सुख आहे आणि ते फार कमी जण वापरतात. मेमध्ये डोंगर पावसाने हिरवेगार असतात, समुद्र कोमट असतो, आणि ऑस्ट्रेलियन शाळांची गर्दी जूनअखेरपर्यंत येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेचे वारे जोर धरतात, आकाश निळे असते पण यासावाकडे जाणारी बोट चांगली आदळते. दिवाळीची सुट्टी दुसऱ्या क्रमांकावर. ऑक्टोबरअखेर समुद्र बहुधा शांत, उकाडा वाढू लागलेला.

ते वारे समजून घेतले की फिजीचा अर्धा नकाशा समजतो, आणि आपल्याला समजायला तो सोपा आहे. विती लेवू या मुख्य बेटाच्या मधोमध डोंगररांग आहे. तोमानिवी हे सर्वांत उंच शिखर १,३२४ मीटर, कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरने ठेंगणे. वारा आग्नेयेकडून ओल घेऊन येतो, डोंगराच्या अलीकडे सगळी ओततो आणि पलीकडे कोरडा उतरतो. सह्याद्री जे कोकणाचे आणि देशाचे करतो तेच. सुवा ओल्या बाजूला, वर्षाला सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस. नांदी कोरड्या बाजूला, सुमारे १,८००. मामानुदा आणि यासावा नांदीच्याही पश्चिमेला, म्हणून तिथे ऊन जास्त. 'फिजीत पाऊस आहे का' या प्रश्नाला अर्थ नाही. 'कोणत्या बाजूला' हे विचारायचे. पर्यटकांची ९० टक्के चित्रे ज्या निळ्या पाण्याची असतात ते पश्चिमेचे, आणि धबधबे-नेचे-दाट जंगल हवे असेल तर ते पूर्वेला. कमी दिवस असतील तर पश्चिम धरा आणि तिथेच राहा.

आता रात्री मोजू. यासावा बेटांकडे जाणारी मोठी कॅटामरान बोट रोज सकाळी साडेआठच्या सुमारास नांदीजवळच्या देनाराऊ बंदरातून सुटते. बेटाबेटाला थांबत वर टोकापर्यंत जाते, तिथून वळते आणि संध्याकाळी सहाच्या आसपास परत देनाराऊला लागते. दिवसाला ती एकच फेरी. याचा अर्थ असा की तुमचे विमान सकाळी सातनंतर उतरले तर त्या दिवशीची बोट गेली. आणि परतीच्या दिवशी रात्रीचे विमान धरायचे म्हटले तर बोटीला एक तास उशीर झाला की काळजाचा ठोका चुकतो. म्हणून माझा नियम: पहिली रात्र नांदीत, शेवटची रात्र नांदीत, मग तिकीट कितीही सोयीचे दिसो. माझ्या एका कुटुंबाने माझे न ऐकता शेवटची रात्र वाचवली. समुद्र खवळला, बोट रद्द झाली, आणि चार जणांची परतीची तिकिटे नव्याने काढावी लागली. वाचलेल्या एका रात्रीच्या कितीतरी पट खर्च झाला.

म्हणजे नवातल्या दोन गेल्या, सात उरल्या. सात रात्रींत राहण्याच्या जागा दोनच. तिसरी नाही. जागा बदलायची म्हणजे सामान बांधणे, दहाला खोली सोडणे, बोटीची वाट पाहणे, दोन-चार तासांचा प्रवास, दुपारी नवी खोली मिळणे. अख्खा दिवस. आणि बोटीचे भाडेही किरकोळ नसते. चौघांचे वरच्या यासावापर्यंत जाऊन-येऊन भाडे एखाद्या चांगल्या हॉटेलच्या रात्रीइतके, कधी त्याहून जास्त होते. हा आकडा सहलीच्या अंदाजपत्रकात कुणीच धरत नाही.

आईंचा विचार करून मी असे सुचवते. या सातांतल्या पहिल्या तीन रात्री कोरल कोस्टवर, म्हणजे विती लेवूच्या दक्षिण किनाऱ्यावर, सिंगातोकाच्या आसपास. नांदीहून रस्त्याने सव्वा तास. प्रवासाने आलेला शीण, साडेसहा तासांचा वेळेचा फरक, सगळे इथे जिरते. डॉक्टर, औषधे, बाजार हाताशी. मग चार रात्री एकाच बेटावर, आणि ते बेट मालोलो लाइलाइ. मामानुदांपैकीच. देनाराऊहून फेरीने जेमतेम तासभर, आणि मुख्य म्हणजे तिथे बोटीतून उतरायला नीट धक्का आहे.

धक्क्याचे एवढे का? कारण यासावातल्या बहुतेक बेटांवर धक्काच नाही. मोठी बोट खोल पाण्यात थांबते, रिसॉर्टची छोटी होडी तिच्या कडेला येऊन लागते, दोन्ही वरखाली हलत असताना तुम्ही एकीतून दुसरीत पाय टाकायचा. मग किनाऱ्याजवळ गुडघाभर पाण्यात उडी. विशी-तिशीच्या माणसाला त्यात मजा येते. दुखऱ्या गुडघ्यांच्या ७६ वर्षांच्या बाईला ते चारदा करायला लावणे बरोबर नाही. तिकडची पोरे फार मायेने हात धरतात, उचलूनही घेतात, पण आईंना ते आवडेल का, हा प्रश्न तुम्ही त्यांनाच विचारा. बुकिंग करताना प्रत्येक ठिकाणी लेखी विचारून ठेवा: उतरायला धक्का आहे की पाण्यातून चालावे लागते, आणि खोलीपर्यंत पायऱ्या किती.

मांटाचे काय? लेकीला तीन दिवस आधी येऊ द्या. यासावांच्या मध्यभागी नाविती आणि द्रावांगा या बेटांच्या दरम्यान एक अरुंद खाडी आहे. मे ते ऑक्टोबर या काळात भरतीच्या प्रवाहाबरोबर तिथे प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, येते आणि ते खायला मांटा येतात. स्कूबाची गरज नाही, नुसत्या स्नॉर्कलने दिसतात. प्रवाह जोराचा असतो, त्यामुळे पोहता येणाऱ्यानेच उतरायचे. तिकडे एकट्या मुलींसाठी स्वस्त, सुरक्षित सामायिक खोल्या भरपूर आहेत. ती आपली दोन रात्री तिथे राहील, संध्याकाळच्या बोटीने देनाराऊला येईल आणि तुम्हाला नांदीत भेटेल. घरातल्या प्रत्येकाने प्रत्येक ठिकाणी एकत्र असलेच पाहिजे असे नाही. पुढे मालोलो लाइलाइहूनही तिला स्कूबा करता येईल. फक्त शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्यायचे. शेवटची नांदीची रात्र इथेही उपयोगी पडते.

तावेउनी मी मनावर दगड ठेवून वगळते आहे. फिजीतले माझे सर्वांत लाडके बेट ते. बोउमाचे धबधबे, सोमोसोमो सामुद्रधुनीतली मऊ प्रवाळांची रंगीत भिंत, डोंगरावरच्या तळ्याकाठी फुलणारे लाल-पांढरे तांगिमौदिया. १८० अंशांचे रेखावृत्त त्या बेटावरूनच जाते. पण ते ओल्या बाजूला आहे, छोट्या विमानाने जावे लागते, त्यात सामानाची मर्यादा कडक, आणि ढग उतरले की विमान उडत नाही. त्याला सलग पाच रात्री द्याव्यात आणि पुढे-मागे मोकळा दिवस असावा. सुवा मात्र बिनदिक्कत वगळा. राजधानी म्हणून तिथले संग्रहालय चांगले आहे, पण त्यासाठी येऊन-जाऊन आठ-नऊ तास रस्त्यावर घालवू नका.

कोरल कोस्टबद्दल एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. तिथल्या खोलीसमोरचा समुद्र दिवसातून दोनदा नाहीसा होतो. ओहोटीला प्रवाळाचे सपाट पठार उघडे पडते, पाणी घोट्याइतके. मुंबईत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक आपण पाहतो, म्हणून फिजीतला जेमतेम सव्वा-दीड मीटरचा फरक ऐकून आपल्याला काही वाटत नाही. पण किनारा आणि बाहेरची प्रवाळरांग यांमधले तिथले सगळे पाणीच दीड-दोन मीटर खोल असते. जायच्या आधी त्या तारखांचे भरतीचे तक्ते बघून ठेवा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते हे आपल्याला घरीच माहीत आहे. त्या दिवसांत भरती जास्त भरते आणि ओहोटी जास्त ओसरते. पोहणे भरतीच्या वेळी, वाळूच्या टेकड्या आणि बाजार ओहोटीच्या वेळी, असा दिवस लावा.

ओहोटीला त्या पठारावरून चालत लाटा फुटतात तिथपर्यंत जावे असा मोह होतो. जाऊ नका. एक तर प्रवाळ जिवंत असते, पायाखाली मरते. दुसरे, पाणी परत भरते तेव्हा ते चोहोबाजूंनी भरते, आणि पठारातल्या खाचांमधून बाहेर जाणारा प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही ओढून नेतो. प्रवाळाने पाय कापला तर जखम लहान दिसली तरी लगेच गोड्या पाण्याने, साबणाने घासून धुवा आणि जंतुनाशक लावा. तिथल्या दमट हवेत ती हमखास चिघळते. जुने रबरी तळव्याचे बूट सोबत असू द्या. पाठ भाजण्यावर उपाय क्रीम नव्हे, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा. वहिनींना आणि आईंनाही तो सोयीचा वाटेल.

डास असतात. फिजीत मलेरिया नाही, पण डेंग्यू आहे. वादळाचे आणि वैद्यकीय वाहतुकीचे संरक्षण असलेला प्रवास विमा घ्या. बेटावरून हेलिकॉप्टरने रुग्ण हलवायचा खर्च ऐकला तर विम्याचा हप्ता क्षुल्लक वाटेल. आईंची औषधे हातसामानात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सिमकार्ड नांदी विमानतळावरच मिळते. प्लग ऑस्ट्रेलियासारखे तिरप्या पात्यांचे, वीज आपल्यासारखीच. वाहने डावीकडून चालतात. बेटावर जाण्याआधी नांदीत रोख पैसे काढून घ्या.

जेवण. बेटांवर दुकाने नसतात, म्हणून रिसॉर्टची तिन्ही वेळच्या जेवणाची योजना बहुतेक ठिकाणी सक्तीची असते. खोलीचा दर पाहून खूश होऊ नका. माणशी जेवण, बोट आणि कर मिळवून मग तुलना करा. शाकाहाराबद्दल आधी लेखी कळवा आणि मासे, अंडी, मांसाचा रस काहीच चालत नाही हे वेगवेगळे लिहा. मग मात्र काळजी करू नका, कारण फिजीत शाकाहार म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. स्वयंपाकघरात कुणीतरी फिजी-भारतीय असतेच, वरण-भात-पोळी होते.

आईंना तिथले मूळ अन्नही आवडेल असे मला वाटते. दालो म्हणजे अळूचा मोठा कंद, उकडून खातात. त्याच्या पानांची नारळाच्या दुधात शिजवलेली भाजी म्हणजे रौरौ. कोकणातल्या माणसाला फदफदे खाल्ल्यासारखे वाटेल, फक्त चिंच-गूळ नाही. नीरफणस भाजून देतात. लोवो म्हणजे जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर पानांत गुंडाळून भाजलेले जेवण. त्यात मांस आणि कंद बहुधा एकाच खड्ड्यात असतात, हे आईंना आधी सांगा आणि त्यांचे त्यांना ठरवू द्या. नांदीच्या किंवा सिंगातोकाच्या बाजारात पोळीत बटाट्याची किंवा भोपळ्याची भाजी गुंडाळून विकतात, दुपारच्या जेवणाला तेवढे पुरते.

घरून खाऊ नेताना सांभाळा. फिजी हा शेतीवर जगणारा, बेटांचा देश आहे, बाहेरची कीड आत येऊ नये म्हणून तपासणी कडक असते. फळे, बिया, मध, दुधाचे आणि तुपाचे पदार्थ नेऊ नका. बेसनाचे लाडू तुपातले असतात हे विसरू नका. बडीशेप म्हणजे बीच, आणि लोणच्यातही कोयी असतात. कारखान्यात बंद केलेली पाकिटे तेवढी घ्या, आणि जे घ्याल ते अर्जात लिहा. लिहिले तर फार तर काढून घेतात. लपवले तर दंड होतो.

गावाला भेट देणार असाल, आणि द्यावीच, तर रीत समजून जा. फिजीतली जवळजवळ ८७ टक्के जमीन मूळ इतौकेइ कुळांच्या सामाईक मालकीची आहे, ती विकता येत नाही. रिसॉर्टही भाडेपट्ट्यावर असतात. किनाऱ्याजवळच्या समुद्रावरही गावाचा परंपरागत मासेमारीचा हक्क असतो. त्यामुळे निर्मनुष्य दिसणारी वाळूही कुणाच्या तरी अंगणासारखी. आत जाताना सेवुसेवु करायचा, म्हणजे यांगोना (कावा) या झुडपाच्या मुळ्यांची जुडी गावप्रमुखापुढे ठेवून येण्याची अनुमती मागायची. जुडी नांदीच्या बाजारात घ्या, साधारण अर्धा किलो पुरते. गावात डोक्यावर टोपी नको, गॉगल कपाळावर चढवलेला नको, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला दाराबाहेर. कुणाच्या, अगदी लहान मुलाच्याही, डोक्याला हात लावायचा नाही. आपण मायेने केस कुरवाळतो, तिथे ते अवमानाचे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा टोपी काढायला विसरले होते. कुणी रागावले नाही. एक म्हातारी जवळ आली, टोपी हळूच काढून माझ्या हातात दिली आणि मला आपल्या शेजारी चटईवर बसवून घेतले. तानोआ नावाच्या लाकडी परातीत मुळ्यांचे चूर्ण पाण्यात कालवतात, करवंटीतून एकेकाला देतात. घेण्याआधी एकदा टाळी वाजवायची, 'बुला' म्हणायचे, एका दमात प्यायचे, नंतर तीनदा टाळ्या. चव मातकट, जीभ-ओठ थोडे बधिर होतात. त्यात दारू नाही. तरी आईंनी नुसते हात जोडले तरी चालते, आणि रोजची औषधे चालू असतील त्यांनी घेऊच नये. रविवारी गाव चर्चमध्ये असते, त्या दिवशी जाऊ नका.

मे महिन्याचा आग्रह धरण्यामागे माझे आणखी एक कारण आहे. १४ मे १८७९ रोजी लिओनिदास हे जहाज कलकत्त्याहून पहिले भारतीय मजूर घेऊन फिजीला पोहोचले. वाटेत पटकी आणि देवी पसरल्या होत्या, म्हणून त्यांना लेवुकाजवळच्या एका छोट्या बेटावर वेगळे ठेवले गेले. पाच वर्षांचा करार, ऊसमळ्यातले काम. 'अॅग्रिमेंट'चे त्यांच्या तोंडी 'गिरमिट' झाले आणि ते स्वतः गिरमिटिया. १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसे अशी आणली गेली. सुरुवातीला उत्तर भारतातली, १९०३ पासून दक्षिणेतलीही. ११ मे १८८४ च्या रात्री सिरिया हे जहाज सुवाजवळच्या नासिलाइ प्रवाळरांगेवर आपटले आणि ५९ जण बुडाले. ज्या प्रवाळावर आपण चष्मा लावून पोहतो त्याची ही दुसरी बाजू. मजुरीची ती पद्धत १९२० साली संपली. १९८७ आणि २००० च्या सत्तापालटांनंतर पुष्कळ फिजी-भारतीय देश सोडून गेले. आज लोकसंख्येत ते सुमारे एक तृतीयांश आहेत. २०२३ पासून गिरमिट दिनाची मे महिन्यात सार्वजनिक सुट्टी असते. त्या आठवड्यात तुम्ही तिथे असाल तर गावोगावी भजने, जेवणावळी आणि आजी-आजोबांच्या आठवणी ऐकायला मिळतील.

त्यांची हिंदी अवधी-भोजपुरीच्या वळणाची आहे, मध्ये फिजीचे शब्द मिसळलेले. आईंना ती पहिल्या दिवशी विचित्र वाटेल, दुसऱ्या दिवशी कळू लागेल. टॅक्सीवाला विचारेल की तुम्ही भारतातून 'कुठल्या जिल्ह्यातून' आलात, कारण त्याच्या पणजोबांच्या करारपत्रावर जिल्हा आणि गाव लिहिलेले असते, आणि तोच त्याचा भारत. उत्तर घाईत देऊ नका.

तर पुढची पायरी: मेमधले सिंगापूर-नांदी विमानाचे वार काढा, लेकीच्या रजेशी जुळवा, आणि ती तारीख हातात आल्यावरच मालोलो लाइलाइच्या चार रात्री धरा. कोरल कोस्टचे तीन दिवस असे लावा की त्यांत एक शनिवार येईल. शनिवारी सकाळी सातला सिंगातोकाच्या बाजारात जा. खोऱ्यातले शेतकरी भाजी घेऊन आलेले असतात, फिजी-भारतीय बायका भेंडी, वांगी, मिरच्यांचे वाटे लावून बसतात. तुम्ही आणि वहिनी फळे घ्यायला पुढे जा, आईंना तिथे एखाद्या बाईजवळ स्टुलावर बसवा आणि अर्ध्या तासाने परत या.